ब्रेकवाल्याला सांगितलेली धाव

रीगाहून, ३ मार्च

प्रिय एगिल्स,

तुझ्या नावाचं पाकीट टाकलं की टपालातली बाई हसते. म्हणते, "खासदारसाहेब, फोन बिघडलाय का?" मी म्हणतो, फोन ठणठणीत आहे, पण माझा मित्र फोनवर नुसतं 'हं' म्हणतो. त्या 'हं'चं मी काय करू? कागदावर निदान चार शिव्या तरी देतोस.

अक्षराला हसू नकोस. रेल्वेत बसून लिहितोय आणि डबा फार हलतोय.

तर बातमी अशी, की ऑक्टोबरात पुन्हा उभा राहतोय. यादीत पहिलं नाव माझं. गेल्या खेपेला लोकांनी मतपत्रिकेवर माझ्या नावापुढे पसंतीच्या, अधिक चिन्हाच्या इतक्या खुणा केल्या, की पक्षवाले अजून सांगत फिरतात, "तालिसच्या हातावर आपण जागा काढल्या." हातावर, बरं का. डोक्यावर असं कुणी म्हणत नाही. पंजा लढवायचं टेबल पुन्हा गाडीत चढलंय. जत्रा तिथे टेबल आणि टेबल तिथे रांग. परवा एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पंजा लावला. मी पाडून घेतलं. त्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "चला, आता छपराचं बोलू." बघ, असा कारभार चाललाय.

संसदेत मात्र जीव रमत नाही रे. आपल्या बॉबस्लेडमध्ये, त्या बर्फावरच्या घसरगाडीत, मी ब्रेकवाला म्हणून मागे मान खाली घालून बसायचो, वळणं पाठीला कळायची, दिसायचं काहीच नाही. खाली पोचलो, ब्रेक ओढला, की तू हेल्मेट काढून सगळी धाव सांगायचास. चौथ्या वळणाला उशीर झाला, नवव्याला भिंतीवर चढलो. मला आपली धाव तुझ्या तोंडूनच कळायची. इथेही मी मान खाली घालून बटण दाबतो, पण नंतर धाव सांगणारा कुणी नाही.

जूनमध्ये लीगोच्या सणाला, संध्याकाळी, गावच्या आपल्याच कुरणावर येतोय. रैतिसने पंजाला बोलावलंय. तोच लाकूडतोड्या, आता समोरच्या पक्षाचा उमेदवार झालाय. टीव्हीवाले येणार आहेत. आउस्मावहिनींना सांग, जिऱ्याच्या चीजचा एक गोळा माझ्या नावाने वेगळा ठेवा.

तुझा,
तालिस

*

ट्रॅकवरून, ९ मार्च

तालिसा,

रेल्वेत लिहिलं म्हणे! लेका, थापा तरी नीट मार. तुझ्या पत्रावर सॉसचा डाग आहे आणि तो संसदेच्या कँटीनचा आहे, कारण इतका गचाळ सॉस रेल्वेतसुद्धा देत नाहीत.

मी डावरा जन्मलो हे तू विसरलास. शाळेत बाईंनी पट्ट्या मारमारून मला उजव्याने लिहायला लावलं. त्याआधी माझ्या वह्या अश्शाच असायच्या, अक्षरं मागे रेललेली आणि ओल्या शाईवरून हात फिरून ओळीच्या ओळी पुसलेल्या. तुझ्या डाव्या हाताची करंगळीकडची बाजू बघ. निळी झाली असेल.

उजव्या हाताला काय झालंय?

इकडे बर्फ संपत आला. वरच्या वळणावर काँक्रीट दिसायला लागलंय. या मोसमात पोरं चांगली धावली. एक ब्रेकवाला तुझ्यासारखा आहे, बैलाएवढा आणि बोलायला गेलं की लाजतो. त्याला मी सांगितलं, बाबा रे, काहीही कर, खासदार होऊ नकोस.

नीट उत्तर दे. डब्याचं हलणं पुरे.

एगिल्स

*

रीगाहून, १६ मार्च

एगिल्स,

निळी झाली आहे. दोनदा धुतली, जात नाही.

ऐक आणि लगेच ओरडू नकोस. कोपराशी शीर दबली आहे. करंगळी आणि शेजारचं बोट हिवाळ्यापासून झोपलंय. सकाळी शर्टाची बटणं लावायला मला एवढा वेळ लागतो की लाज वाटते. पेन धरलं की सुटतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून हात उघडावा लागेल आणि नंतर वर्षभर जड काही नाही. मी विचारलं, ऑक्टोबरनंतर उघडला तर? म्हणाले, तोवर जपलात तर चालेल. पण जोराचा एक पंजा लावलात, तर बोटं परत येतील असं मी लिहून देणार नाही.

जत्रेत म्हाताऱ्यांशी आणि बायकांशी लावतो तो पंजा लुटुपुटूचा असतो. रैतिसशी तसं जमणार नाही. आणि नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. तू म्हणशील, का? तर खरं सांगतो. मला भाषण येत नाही. कायद्याचं कलम वाचलं की डोळे मिटतात. लोक माझ्याकडे येतात ते या हातासाठी. पोरं दंडाला लोंबकळतात, म्हाताऱ्या दंड चाचपतात आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगतात. हात गेला, तर माझ्यासमोर येऊन कोण बसेल? सगळ्यांना मी हवा असतो, एगिल्स, याची मला सवय झालीय. ती तुटली तर मी काय करायचं, हे मला सुचतच नाही.

ऑक्टोबर होईपर्यंत कुणालाही सांगू नकोस. वहिनींनाही नाही. शब्द दे.

तालिस

*

ट्रॅकवरून, २२ मार्च

शब्द दिला. दिला आणि लगेच पस्तावलो.

आता मी ओरडतो. तू मूर्ख आहेस का? नवव्या वळणाला आपण उलटलो होतो, आठवतं? स्लेड डोक्यावर आणि खाली बर्फ सरकतोय. तू मागून हात घालून माझा खांदा आत ओढून धरलास, थेट खालपर्यंत. तुझ्या बाहीचं कापड गेलं, कातडी गेली, कोपर घासून निघालं. माझा खांदा शाबूत राहिला. त्यानंतर तू जगातल्या अर्ध्या पंजावाल्यांना त्याच हाताने पाडलंस, ते वेगळं. पण तो हात अर्धा माझा आहे. मला न विचारता तो टीव्हीवाल्यांना द्यायचा नाही.

म्हणे कोण येऊन बसेल! अरे, मी बसतो की इतकी वर्षं. मी कधी तुझा दंड चाचपलाय? शी!

ईस्टरला ये. आउस्मा अंडी रंगवतेय. पोटभर खा आणि त्या रैतिसला कळव, की जमणार नाही.

एगिल्स

*

रीगाहून, २ मे

प्रिय एगिल्स,

उत्तराला उशीर झाला. ईस्टरला तुमच्याकडे इतकं बरं वाटलं, की परतल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात वहिनींचं अंडं सगळ्यांच्या अंड्यांना फोडत गेलं आणि शेवटपर्यंत टिकलं. बाईंनी लाकडाचं रंगवलं होतं, हे मला आजही वाटतं.

हाताचं म्हणशील तर बरं चाललंय. शेक घेतो, रात्री पट्टा बांधतो. डॉक्टरांकडे मात्र परत गेलो नाही. प्रचारप्रमुख बाईंनी पोस्टर काढलंय, नुसता माझा दंड आणि खाली पक्षाचं नाव. तोंड नाहीच. मी विचारलं, माझं डोकं कुठाय? म्हणाल्या, "डोक्याची गरज नाही, साहेब, लोक ओळखतात." सगळे हसले. मीही हसलो.

आता पोस्टर लागल्यावर माघार कशी घेऊ, तूच सांग. एकच पंजा. मी झटक्यात संपवीन. पहिल्या क्षणाला मनगट वळवलं की रैतिसला काही सुचायचं नाही.

चिडू नकोस.

तालिस

*

ट्रॅकवरून, १० मे

तालिसा,

चिडलो नाही. घाबरलोय. त्यामुळे जास्त लिहीत नाही.

तू त्या टेबलाशी बसलास, तर मी बघायला थांबणार नाही.

एगिल्स

*

रीगाहून, २६ जून

एगिल्स,

तू शब्द दिला होतास.

सगळं गाव, सगळे पाहुणे, टीव्हीचा कॅमेरा आणि मी कोटाच्या बाह्या सरसावून टेबलाशी उभा. तेव्हा वहिनी बायकांचा घोळका घेऊन गात आल्या. मला वाटलं, नेहमीची थट्टा असेल. दर लीगोला घराघराची खिल्ली उडवतात, तसली. आधी रैतिसच्या बिअरवर गायल्या. मग माझ्याकडे वळल्या. ते शब्द माझ्या कानातून अजून जात नाहीत.

*तालिस बसला टेबलाला, लीगो, लीगो,*
*उजवा हात गेला झोपेला, लीगो,*
*बोट रुसलं, बोलत नाही, लीगो, लीगो,*
*कोटाचं बटण लागत नाही, लीगो!*

लोक हसले, एगिल्स. मोठमोठ्याने हसले. माझी मान जी खाली गेली ती गाडीत बसेपर्यंत वर आली नाही. गावाबाहेर गाडी उभी केली आणि लहान पोरासारखा रडलो. माझं एवढं एकच गुपित होतं आणि ते मी तुला दिलं होतं.

प्रचारप्रमुख बाईंनी आज बोलावलंय. काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

तालिस

*

ट्रॅकवरून, ३० जून

तालिसा,

लिहिणार. तुझ्या परवानगीने मी कधी काय केलंय?

पहिली गोष्ट. मी शब्द मोडला नाही. आउस्माला ईस्टरलाच कळलं होतं. तू अंडं डाव्या हातात धरलंस, ब्रेडचा तुकडा डाव्याने तोडलास आणि निघताना कोट तसाच उघडा ठेवून म्हणालास, उकडतंय. बाहेर बर्फ पडत होता. ती मला काही बोलली नाही, मी तिला काही बोललो नाही. एका छपराखाली दोघं एकच गुपित वेगवेगळं लपवत होतो. लीगोच्या सकाळी ती स्वयंपाकघरात गाणं जुळवत होती, ते मी दारातून ऐकलं. तिला थांबवलं नाही. एवढा दोष माझा, तो मी घेतो.

ती म्हणाली, "भाऊजींनी डॉक्टरचं ऐकलं नाही. माझं ऐकणार नाहीत, तुमचं तर नाहीच. पण लीगोच्या गाण्यावर कुणाला रागावता येत नाही आणि गाणं झाल्यावर पंजा लावता येणार नाही."

दुसरी गोष्ट. तू मान खाली घातलीस. म्हणजे तुला धाव दिसली नाही. ती सांगणं माझं काम आहे, तेव्हा गप बस आणि ऐक.

लोक हसले, खरं आहे. पहिल्या दोन ओळींना हसले, कारण त्यांना वाटलं थट्टा आहे. बटणाच्या ओळीला हसू थांबलं. तुझा कोट उघडाच होता. सगळ्यांनी बघितला. तू पाठ फिरवून निघालास, तेव्हा कुणी हसत नव्हतं, पण तुझ्या कानात आधीचंच वाजत असणार.

रैतिस आपल्याच हाताकडे बघत उभा होता. मग केवढ्याने तरी ओरडला, "म्हणजे मी तीन महिने सराव केला तो आजारी हात पाडायला? आणि मला कुणी सांगितलं नाही? मी काय राक्षस आहे?" त्याने डोक्यावरची ओकच्या पानांची माळ काढून टेबलावर ठेवली, खुर्चीत बसला आणि डावं कोपर टेकवलं. म्हणाला, "बोलवा त्याला. असा लावू." कुणी तरी पळत रस्त्यापर्यंत गेलं. तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाली होती.

मग तो उठायलाच तयार होईना. त्याला बाजूला करून म्हातारा विलिस बसला, डावा हात लावला आणि रिकाम्या खुर्चीशी हरला. "जोर अजून आहे त्याच्यात!" म्हणाला. तेव्हा जे हसू आलं ते वेगळं होतं, तालिस. तुला ते ऐकायला हवं होतं. मग आणखी दोघं-तिघं बसून हरले. मी थांबणार नाही म्हटलं होतं, तरी शेवटपर्यंत थांबलो.

अशी झाली धाव. सुरुवात वाईट, मधली वळणं खडबडीत, पण उलटलास असं नाही. तू आधीच ब्रेक ओढून उतरून गेलास.

आउस्मा रडते असं लिहिलं तर ती हे पत्र फाडेल. म्हणून एवढंच लिहितो, की ती चीज करतेय आणि मीठ जास्त पडतंय. तुझा गोळा राखून ठेवलाय. आणि गाण्याला चार ओळींचं उत्तर द्यायची रीत तुलाही ठाऊक आहे. ते तू दिलेलं नाहीस. ती वाट बघतेय.

एगिल्स

*

रीगाहून, ४ सप्टेंबर

एगिल्स,

दोन महिने लिहिलं नाही. तुझं पत्र मात्र खिशात ठेवून फिरलो, ते आता घडीवर फाटलंय.

पक्षाने पोस्टर उतरवलं. यादीत मी पहिल्यावरून शेवटच्या जागी गेलो. प्रचारप्रमुख बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "साहेब, दुसरं काही येतं का तुम्हाला?" मी बराच विचार केला आणि म्हणालो, ऐकता येतं.

टेबल नाही, गाडी नाही, तरी जत्रांना जातोय. घरी बसून काय करू? पहिल्या जत्रेत अर्धा दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मी घामाघूम झालो. वाटलं, बघ, हेच म्हणत होतो मी. मग एक मधवाली बाई आली. दंडाकडे बघितलंही नाही. विचारलं, "बटण कोण लावतं हो तुमचं?" म्हटलं, मीच, वेळ लागतो. तिने कोटाची सगळी बटणं लावून दिली आणि लावता लावता आपल्या मुलाचं सांगत राहिली. तो आयर्लंडला गेलाय, परत येत नाही. मी ऐकलं.

वहिनींवर मी अजून रागावलेलो आहे. निदान तसं त्यांना सांग.

मतदानाला गावातच येतोय. भेटशील?

तालिस

*

ट्रॅकवरून, १२ सप्टेंबर

तालिसा,

भेटणं अवघड. त्याच आठवड्यात ट्रॅकवर पाण्याचे थर गोठवून बर्फ धरायला सुरुवात. एकदा पाणी सोडलं की जागचं हलता येत नाही, थर फाटतो. मतदानाची शाळा उघडताच मत देऊन परत येईन.

म्हणजे या वेळी मला काही दिसणार नाही. समजलं? मान वर ठेव.

आउस्मा म्हणते, राग चीजला मानवतो, आणखी मुरेल.

एगिल्स

*

गावातून, ७ ऑक्टोबर

एगिल्स,

आता तू गप बस. या वेळी धाव मी सांगतो.

मत दिलं आणि शाळेच्या अंगणात बाकावर बसलो. त्या दिवशी प्रचाराचा शब्द काढायला बंदी, म्हणून मी मुकाट बसलो. घाबरलो होतो, पण मान वर होती. ठरवून.

पहिला विलिस बाहेर आला. मला बघितलं, थांबला, टोपी काढली आणि डावा हात पुढे केला. मी डावा दिला. काही न बोलता गेला. तुला माहीत आहे, विलिस न बोलता कुठून जात नाही! त्याच्या मागून दोघी बहिणी आल्या, त्यांनीही डावा. मग दूधवाल्याचं सगळं घर. कडेवरच्या पोराचा उजवा हात पुढे आला, तर आईने तो मागे घेऊन त्याचा डावा दिला. कुणी माझं नाव घेतलं नाही, कुणी 'शुभेच्छा' म्हटलं नाही. बंदी होती ना. नुसते डावे हात येत राहिले. मधेच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मी मान खाली घातली नाही. तुला सांगायचं होतं, म्हणून सगळ्यांचे चेहरे बघून ठेवले.

रैतिससुद्धा आला. डावा हात असा आवळला की आता तोही झोपेल. कानात म्हणाला, "मत तुला नाही दिलं हं. माझा पक्ष वेगळा." म्हटलं, तसा तू प्रामाणिक आहेस.

आता शेवटचं वळण. निकाल रेडिओवर ऐकलाच असशील. पक्षाला पाच टक्के पडायला हवे होते, थोडक्यात कमी पडले. सगळी यादीच बाद झाली. खुर्ची गेली. पण माझ्या नावापुढच्या खुणा गेल्या खेपेपेक्षा जास्त निघाल्या, यादीच्या तळाशी असूनसुद्धा. प्रचारप्रमुख बाईंनी फोन केला. आधी हाताचं विचारलं. मग म्हणाल्या, "पोस्टरवर तोंड छापायला हवं होतं, तालिस."

म्हणजे उलटलो, एगिल्स. पण या वेळी उलटताना डोळे उघडे होते, आणि मला जे हवं होतं ते दिसलं.

डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी हात उघडायचं ठरवलंय. नंतर वर्षभर जड काही नाही. पाण्याचा पाइप जड असतो का रे? बर्फ धरायला एक हात आणि दोन डोळे असलेला माणूस चालत असेल तर सांग. त्या लाजाळू ब्रेकवाल्याला निदान धाव सांगायला तरी येईन.

खालचं तू वाचायचं नाहीस. वहिनींना दे, आणि चालीत म्हणायला सांग.

*गाण्याने माझा हात धरला, लीगो, लीगो,*
*टेबलावरून मागे सरला, लीगो,*
*खुर्ची गेली, जाऊ दे तिला, लीगो, लीगो,*
*वहिनी, चीज ठेवा मला, लीगो!*

तुझा,
तालिस